ऑपरेटरबाई आणि आपोआप हलणारी मशीनं

रुग्णालयात त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. खरं तर टेलिफोनच्या बोर्डावरून त्या उठल्या त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. विसाव्या वर्षी कानाला हेडफोन लावून त्या बोर्डापुढे बसल्या. पुढे कॉम्प्युटर आले तशा नोंदणीच्या खिडकीत गेल्या, तिथून सर्व्हर सांभाळणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांच्या हाताखाली, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खुर्चीत. कागदावर हुद्दा होता सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? ऑपरेटरबाई हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाई भित्र्या होत्या, आणि ते त्या लपवत नसत. घराचं कुलूप तीनदा ओढून बघायच्या. गॅस बंद केलाय की नाही हे जिन्यात आठवून परत वर जायच्या. नवरा एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता, आम्लाच्या बाटल्या हाताळून निर्ढावलेला. तो म्हणायचा, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो तुझ्याच पाठी नोकरीला आहे. पगारी."

पण कामावर याच भीतीचा उपयोग व्हायचा. दर शुक्रवारी बॅकअप घ्यायचा, तो उघडून बघायचा आणि उघडून बघितल्याचं वहीत लिहून ठेवायचं, हा त्यांचा नेम. बाकीचे हसायचे. बाई म्हणायच्या, "हसा. मला काय, भीती वाटून घ्यायचाच पगार मिळतो."

सर्व्हर रूम तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे होती. काचेचं दार, आत कायम गारठा, आणि एका लोखंडी कपाटात एकाखाली एक चार मोठे सर्व्हर. सगळं रुग्णालय या चौघांच्या पोटात होतं. एकेका सर्व्हरच्या आत बारा-पंधरा कॉम्प्युटर चालत, म्हणजे दिसायला काही नाही, नुसते सॉफ्टवेअरने उभे केलेले, पण काम खऱ्या कॉम्प्युटरचं करणारे. अशी एकूण त्रेपन्न मशीनं होती. नोंदणी, औषधांचं दुकान, तपासण्यांचे रिपोर्ट, जेवणाचे तक्ते, रक्तपेढी. टेलिफोन एक्स्चेंजसुद्धा. ज्या बोर्डापुढे बाईंनी तरुणपणाची नऊ वर्षं काढली, तो कधीच भंगारात गेला होता. त्याचं काम आता त्रेपन्नातलं एक मशीन करत होतं.

रक्तपेढीची मात्र दोन मशीनं होती, जुळी. एक काम करायचं, दुसरं क्षणाक्षणाला त्याची नक्कल ठेवायचं, म्हणजे पहिलं पडलं तर दुसरं उभं राहील. याला कारण होतं. दहा वर्षांपूर्वी रक्तपेढीची यंत्रणा चार तास बंद पडली होती आणि सगळं चिठ्ठ्यांवर चाललं होतं. घाईत लिहिलेला रक्तगट एकाने वाचला एक, होता दुसरा. पिशवी खाटेपर्यंत पोचली होती. नर्सला अक्षराची शंका आली म्हणून वाचलं सगळं. त्यानंतर बाईंनी जुळी उभी केली आणि स्वतःच्या हाताने वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवली, एक पहिल्यावर, दुसरं तिसऱ्यावर. एकाच फांदीवर दोघांना बसवायचं नाही, एवढाच हिशेब.

त्या वर्षी वरिष्ठांनी बैठक बोलावली. साहेब बाईंपेक्षा तेरा वर्षांनी लहान, हुशार, बोलायला गोड. म्हणाले, "आपला हा प्लॅटफॉर्म, म्हणजे ही मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर, फार जुना झालाय. महिनाअखेरीनंतर कंपनी त्याची दुरुस्ती देणं बंद करतेय. अपग्रेड करावंच लागेल. पण मॅडम, नुसतं वाईट वाटून घेऊ नका. बघा तरी काय काय मिळतंय."

त्यांनी पडद्यावर दाखवलं. आजवर एखादं मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायचं तर ते बंद करावं लागे. आता चालू असतानाच उचलून नेता येणार होतं, वापरणाऱ्याला पत्ताही न लागता. एका सर्व्हरवर बोजा वाढला की प्लॅटफॉर्म आपणहून मशीनं हलवणार. एखादा सर्व्हर आजारी पडायच्या बेतात असेल तर ते आधीच ओळखून त्याला रिकामा करणार. आणि एखादा अचानक मेलाच, तर त्याच्यावरची मशीनं दुसरीकडे पुन्हा सुरू करणार.

"आपणहून म्हणजे, आपल्याला विचारून?" बाईंनी विचारलं.

"विचारायचं कशाला? तोच तर फायदा आहे. तुम्हाला सुट्टीच्या दिवशी धावत यायला नको."

सगळे हसले. बाईही हसल्या. बंद करून हलवायचं, यात त्रास होता, पण कुठलं मशीन कुठे आहे ते त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. आता घरातलं सामान रोज कोणीतरी हलवून ठेवणार होतं, आणि तेही आपल्या भल्यासाठी.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत बसला होता.

"अहो, समजा तुमच्या बाटल्या रात्रीत कोणी सोयीने लावून ठेवल्या तर?"

"लेबलं असतील तर चालेल की."

"आणि जवळजवळ ठेवू नयेत अशा दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर?"

त्याचा हात थांबला. "मग नाही चालणार," तो म्हणाला. "पण तसं सांगून ठेवायची काही सोय असेल ना त्यात. विचार त्यांना."

बाईंनी विचारलं. कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस येऊन राहिला होता, सतत मोबाइलवर, सतत घाईत. तो म्हणाला, "सगळे नियम नंतर लावता येतात मॅडम. आधी चढवून तर घेऊ." ते 'नंतर' बाईंनी वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

शनिवारी सकाळी सातला काम सुरू झालं. रविवारी दुपारी तीनला संपलं. काहीही बिघडलं नाही. खरं सांगायचं तर इतकं सुरळीत झालं की बाईंची भीती आणखीच वाढली. शेवटी इंजिनिअरने गंमत दाखवली. जेवणाच्या तक्त्यांचं मशीन चालू होतं, स्वयंपाकघरातली बाई त्यात टाइप करत होती. त्याने ते चौथ्या सर्व्हरवरून दुसऱ्यावर ओढलं. पडद्यावर एक निळी पट्टी भरत गेली आणि झालं. बाईंनी स्वयंपाकघरात फोन लावला. "काही अडकलं का?"

"काय अडकणार?" पलीकडून उत्तर आलं. "पथ्याचं लिहितेय."

साहेबांनी टाळी वाजवली. बाईंनी मात्र वाजवली नाही. माणूस झोपेत असताना खाटेसकट उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवावा आणि त्याने कूसही बदलू नये, तसं काहीतरी त्यांनी पाहिलं होतं.

सोमवारपासून मशीनं हलू लागली. सकाळी येऊन बघावं तर औषधांचं दुकान तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गेलेलं. दुपारी पुन्हा तिसऱ्यावर. बाई वहीत लिहीत गेल्या. मंगळवारी दुपारपर्यंत वहीची तीन पानं भरली आणि त्यांनी लिहिणं सोडलं. नोकरीत पहिल्यांदाच आपल्या ताब्यातलं काय कुठे आहे ते त्यांना न बघता सांगता येईना. जेवायला बसल्या की डबा उघडा ठेवून उठायच्या, पडदा बघून यायच्या, परत बसायच्या.

बुधवारी सकाळी दहाला त्या यादी वाचत होत्या. बोट खाली सरकवता सरकवता थांबलं. दुसऱ्या सर्व्हरच्या नावाखाली रक्तपेढीचं मशीन होतं. चार ओळींनंतर त्याचं जुळं.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग उलट क्रमाने वाचलं. दोन्ही तिथेच.

झालं असं होतं की पहाटे कधीतरी प्लॅटफॉर्मला पहिला सर्व्हर आजारी वाटला होता. मेमरीच्या एका पट्टीने दोन-तीन चुका केल्या होत्या. नव्या सोयीप्रमाणे त्याने पहिल्यावरची सगळी मशीनं बाहेर काढली आणि जास्तीत जास्त दुसऱ्यावर नेली, कारण तिथे जागा होती. तिसऱ्यावरचं जुळं वाटणी करताना आदल्या दिवशीच तिथे गेलं होतं. जुळी एकत्र ठेवायची नाहीत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते नंतर सांगायचं होतं.

बाई काचेचं दार उघडून आत गेल्या. दुसऱ्या सर्व्हरचे पंखे शिट्टीसारखे वाजत होते. मागे हात धरला तर गरम वारा, नेहमीपेक्षा खूपच गरम. पडद्यावर त्याच्यापुढे हिरवा दिवा होता. पहिल्यापुढे पिवळा. बाईंना वाटलं, उलटं असायला हवं होतं.

त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. कंपनीचा इंजिनिअर फोनवर, स्पीकरवर, होता.

"दोन्ही जुळी एकाच सर्व्हरवर गेलीत. आणि तो तापलाय. मला आता हलवायचीत."

"तापमान मर्यादेत आहे," फोनमधून आवाज आला. "आता कशालाही हात लावू नका. पहिल्याची मेमरी बदलली की तो आपोआप परत वाटणी करेल. शुक्रवारी दुपारी पट्टी येतेय. नियमही तेव्हाच लावू."

"शुक्रवारपर्यंत थांबायचं?"

"मॅडम, तो मेला तरी मशीनं दुसरीकडे सुरू होतील. त्यासाठीच तर हे घेतलंय."

"किती वेळात?"

"पाच-दहा मिनिटं धरा."

बाई साहेबांकडे वळल्या. "रक्तपेढीला पाच-दहा मिनिटं म्हणजे काय, ते तुम्ही त्यांना जाऊन सांगा."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावर फिरवले. "बाई, पहिल्याच आठवड्यात काही बिघडलं तर वर मलाच विचारणार, कशाला हात लावलात म्हणून. एक काम करा. एक मशीन हलवा. एकच. मग हात काढा."

बाई जागेवर परत आल्या. दुसऱ्या सर्व्हरखाली तेवीस मशीनं होती. त्यांना एक उचलायची परवानगी होती. यादीत रक्तपेढीच्या खाली दोन ओळी सोडून टेलिफोन एक्स्चेंज होतं. ते त्यांना स्पष्ट दिसलं. ते एकटंच होतं, त्याला जुळं नव्हतं. ते पडलं तर ते पुन्हा उभं राहीपर्यंत रुग्णालयातला एकही फोन वाजणार नाही, हेही त्यांच्या मनात आलं. आलं आणि गेलं. त्यांनी रक्तपेढी निवडली.

आधी त्या चालत रक्तपेढीत गेल्या. तिथली तंत्रज्ञ तुटक बोलणारी, कामाला चोख. तिला सगळे नुसतंच ताई म्हणत.

"ताई, दहा मिनिटांनी मी तुमचं मशीन चालू असताना हलवणार आहे. काही अडकलं तर पिशवी देऊ नका. थांबा. मी सांगेपर्यंत थांबा."

"आणि वरून कोणी ओरडलं तर?"

"माझं नाव सांगा."

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही थरथरताय," ती म्हणाली आणि स्वतःची खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

परत येऊन त्यांनी मशीन निवडलं, चौथा सर्व्हर निवडला. बटणावर माऊस नेला आणि तिथेच ठेवला. आजवर असं चालतं मशीन त्यांनी स्वतः कधी हलवलं नव्हतं. ताकही फुंकून पिणारी बाई, आणि उकळत्या दुधात हात घालायचा होता. त्यांनी दाबलं.

निळी पट्टी निघाली. वीस टक्के. पन्नास. सत्तर. एक्क्याऐंशीवर थांबली. पंखे वाजत होते. एक्क्याऐंशी. त्यांनी रद्द करण्याच्या बटणाकडे पाहिलं आणि हात मांडीखाली दाबून बसल्या, कारण मध्येच रद्द केलं तर काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. आकडा हलला. नव्वद. शंभर.

फोन वाजला. ताई होती. "एक अक्षर टाइप करायला जरा वेळ लागला. बाकी ठीक."

बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि मशीन हलवल्याची वेळ वहीत लिहिली. मग त्या रोजच्या कामाला लागल्या.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी दुसरा सर्व्हर मेला. आवाज झाला नाही. उलट आवाज थांबला. बाई बाहेरच्या खोलीत होत्या, आणि दोन दिवस चाललेली ती शिट्टी बंद झाली म्हणून त्यांनी मान वर केली. काचेपलीकडे दुसऱ्या सर्व्हरचे सगळे दिवे विझले होते. त्यांच्या पडद्यावर बावीस ओळी लाल झाल्या.

त्यांनी आधी रक्तपेढी बघितली. दुसऱ्या सर्व्हरवरचं जुळं गेलं होतं, चौथ्यावरच्या मशीनने त्याची वाट बघणं सोडून एकट्याने काम चालू ठेवलं होतं. नंतर नोंदीत बघितलं तर वीस सेकंद लागले होते. त्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये एका बाळंतिणीला रक्त चालू होतं आणि आणखी दोन पिशव्या मागवल्या होत्या. त्या वेळेवर गेल्या. ताईला काही झालं हे कळलंसुद्धा नाही.

बाईंनी साहेबांना सांगायला फोन उचलला. फोन मुका होता. नुसता बंद नाही, आत काहीच नाही, भिंतीला कान लावल्यासारखं.

तेव्हा त्यांना वॉर्ड आठवले. वॉर्डात कोणाचा श्वास थांबला की नर्स तीन आकडी नंबर फिरवते आणि डॉक्टरांची पळणारी टोळी येते. तो नंबर एक्स्चेंजच्या मशीनमध्ये होता. मोबाइल होते, पण तळमजल्यावर आणि मागच्या वॉर्डात त्यांची रेंज यायची नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पडदा सांगत होता, मशीनं दुसरीकडे सुरू होत आहेत. बावीस मशीनं एकदम उठत होती आणि एकमेकांना अडवत होती. एक्स्चेंज रांगेत सतरावं होतं.

बाईंनी त्याला वर आणायचा प्रयत्न केला. आज्ञा दिली, चक्र फिरत राहिलं. आता इथे बसून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या उठल्या आणि पळाल्या. छप्पन्नाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, एक्स-रेच्या रांगेतल्या लोकांना बाजूला सारत त्या आधी इमर्जन्सीत गेल्या, जिथे ती डॉक्टरांची टोळी बसायची.

"फोन बंद आहेत. सगळ्या इमारतीत. दर मजल्यावर एक माणूस उभा करा."

तिथल्या मोठ्या डॉक्टरने माणसं पाठवली. बाई स्वतः मागच्या वॉर्डांकडे निघाल्या. पहिल्या जिन्यावर त्यांना वॉर्ड सातची सिस्टर खाली धावत येताना भेटली, पांढरी फटक.

"फोन लागत नाहीये," ती म्हणाली. "बारा नंबरचे आजोबा."

"तुम्ही वर जा. मी आणते त्यांना."

बाई परत वळल्या. तेवढं अंतर त्यांना नंतर अनेकदा मोजावंसं वाटलं, पण त्यांनी मोजलं नाही. डॉक्टर धावले, मागे ढकलगाडी, मागे बाई. वॉर्ड सातच्या दारात त्या थांबल्या. आत जायचं त्यांना धैर्य झालं नाही. पडद्याखालून फक्त बूट दिसत होते, आणि कोणीतरी मोठ्याने आकडे मोजत होतं.

अकरा वाजून एकतीस मिनिटांनी, सिस्टरच्या टेबलावरचा फोन एकदा किणकिणला. एक्स्चेंज उठलं होतं. अकरा मिनिटं.

आजोबा वाचले नाहीत. डॉक्टर बाहेर आले तेव्हा बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "फोन चालू असता तर?"

डॉक्टर थकलेले होते. म्हणाले, "त्यांचं हृदय आधीच फार खराब होतं. तीन-चार मिनिटं आधी आलो असतो. तरी बहुतेक हेच झालं असतं."

"बहुतेक," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बाईंच्या दंडाला हात लावला आणि ते गेले.

घरी आल्यावर बाईंनी चप्पल काढली आणि तिथेच दाराशी बसल्या. नवऱ्याने थट्टा केली नाही. त्याने ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "तुला तेव्हा दोन हलवता आली असती?"

"नाही. एकच सांगितलं होतं."

"मग?"

"मला ते दिसलं होतं हो. यादीत. मी बघून पुढे गेले."

त्याने पाणी आणून दिलं. त्यांनी ते हातात धरलं, प्यायल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात चौकशी बसली. बाईंना लेखी निवेदन द्यायचं होतं. त्यांनी घडलं तसं लिहिलं, आणि बुधवारच्या परिच्छेदात एक वाक्य घातलं, की टेलिफोन एक्स्चेंज त्याच तापलेल्या सर्व्हरवर असल्याचं मी पाहिलं होतं. साहेबांनी मसुदा वाचला आणि दार लावून घेतलं.

"हे वाक्य कशाला? कोणी विचारलेलं नाही. हात दाखवून अवलक्षण."

"पण खरं आहे."

"बाई, दीड वर्षात तुम्ही निवृत्त होताय. तुमच्याच अंगावर येईल हे."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मला खूप भीती वाटतेय, साहेब. पण ते वाक्य काढलं तर कागदावर असं दिसेल की कोणालाच कळणं शक्य नव्हतं. मग पुढच्या वेळीही कोणाला कळणार नाही."

वाक्य राहिलं. चौकशीच्या दिवशी पाच माणसं लांब टेबलामागे बसली होती. बाईंना पाऊण तास प्रश्न विचारले. पहिलाच प्रश्न त्या वाक्यावर होता. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात बाजूला बसलेले साहेब म्हणाले, "एकच मशीन हलवायचं, हा आदेश माझा होता. यांनी सगळी हलवायची म्हणून विचारलं होतं." खरं तर बाईंनी फक्त जुळ्यांचंच विचारलं होतं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. ते समोर बघत होते. बाईंनी समितीला सांगितलं, "सगळी नाही. दोनच." अध्यक्षांनी ते लिहून घेतलं.

साहेबांना आणि बाईंना, दोघांनाही समज देणारं एकेक पत्र मिळालं. कंपनीच्या माणसांनी दुसरा सर्व्हर उघडला, आतला मुख्य बोर्ड एका कोपऱ्यात करपला होता. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात आजोबांच्या हृदयाचंच नाव राहिलं. त्यांचा मुलगा एकदा येऊन कागद घेऊन गेला. बाई नोंदणीच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. हाच तो, हे त्यांना नावावरून कळलं. त्याला काही सांगावं असं त्यांना वाटलं, आणि काय सांगावं ते कळेना. तो रांगेत त्यांच्या अगदी जवळून गेला आणि म्हणाला, "जरा सरकता का?" त्या सरकल्या. पुढे कितीतरी दिवस त्यांना ते आठवत राहिलं.

एक्स्चेंजलाही जुळं आलं. मागच्या वॉर्डांत वॉकीटॉकी आले. आणि बाईंनी त्या प्लॅटफॉर्मचं सहाशे पानांचं पुस्तक छापून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दोनशे चौदाव्या पानावर त्यांना हवं ते सापडलं. अमुक दोन मशीनं कधीच एका सर्व्हरवर ठेवू नयेत, असा नियम नव्या प्लॅटफॉर्ममध्ये दोन मिनिटांत लावता येत होता. रविवारी दुपारी, ती टाळी वाजली तेव्हाही येत होता. मग त्यांनी नियम लावले, रक्तपेढीचा, एक्स्चेंजचा, आणि आणखी सहा.

त्याच पुस्तकात पुढे आणखी एक सोय होती. प्लॅटफॉर्मने मशीन आपणहून न हलवता आधी विचारावं, असं ठरवता येत होतं. साहेबांनी काही न विचारता मंजुरीची सही केली. तेव्हापासून दिवसातून आठ-दहा वेळा पडद्यावर एक चौकट येई. हे मशीन इथून तिथे नेऊ का? बाई प्रत्येक वेळी यादी वाचायच्या, ज्या सर्व्हरवर जायचं त्याच्या मागे हात धरून यायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. शंभरातल्या नव्वद वेळा प्लॅटफॉर्मचं बरोबरच असायचं. त्या हो म्हणायच्या. हो म्हणताना भीती वाटायची ती वाटायचीच. दीड वर्षात त्यांना तिची सवय झाली नाही.

निवृत्तीच्या आधी त्यांच्या जागी आलेल्या बाईला त्यांनी सगळं शिकवलं. शेवटच्या आठवड्यात त्या तिला घेऊन वॉर्ड सातपर्यंत चालत गेल्या. सर्व्हर रूमच्या दारापासून, एक्स-रेच्या रांगेमधून, जिना चढून. नव्या बाईने विचारलं, "इथे आपलं काय आहे?"

"काही नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "किती लांब आहे ते बघून ठेवा."